पाटावरच्या चौदा फ्लॉप्या

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळत आलो. टाळायला फार काही करावं लागलं नाही. नगरच्या आमच्या महाविद्यालयात कॉम्प्युटर विभाग कसा सुरू झाला असं कुणी विचारलं, की मी एसीच्या खोलीत चपला काढून शिरणाऱ्या प्राध्यापकांच्या गमती सांगायचो. लोक हसायचे आणि विषय संपायचा.

मध्यंतरी महाविद्यालयाने विशेषांक काढला. त्यात मी विभागाच्या पहिल्या दिवसांवर लेख लिहिला आणि बिनदिक्कत एक वाक्य घातलं: ‘विभागातल्या पहिल्या संशोधक विद्यार्थ्याचं काम दुर्दैवाने त्याच्याच निष्काळजीपणामुळे अपुरं राहिलं.’ हे वाक्य खोटं आहे. अंक हातात आला त्या दिवसापासून ते पान मला उघडवत नाही. खोटं छापून झालं आहे, तेव्हा खरंही लिहूनच दिलं पाहिजे.

मी मुळात गणिताचा माणूस. माझी पीएच.डी. गणितातली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महाविद्यालयाला अनुदानातून काही यंत्रं मिळाली, आणि डॉक्टरेट असलेला मी एकटाच, म्हणून विभाग माझ्याकडे आला. विद्यापीठाने मला संशोधनाचा मार्गदर्शकही केलं. मला प्रोग्रॅम वाचता यायचा; लिहिताना घाम फुटायचा. हे आमच्या विभागात दोघांनाच माहीत होतं, मला आणि माझ्या त्या पहिल्या संशोधक विद्यार्थ्याला.

तो मिरजगावच्या बाजूचा. घरी थोडी कोरडवाहू जमीन, वडील लहानपणीच गेलेले, आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. आजोबांच्या काळात घर बौद्ध झालेलं. एम.एस्सी.ला तो पहिला आला होता आणि आमच्याकडे तासिकेवर शिकवत होता. पहिल्या भेटीत मी विचारलं, “विषय काय घेणार?”

“उसाची तोड, सर.”

मला वाटलं थट्टा करतोय.

“कारखान्याला हजारो प्लॉटचा ऊस येतो. कुणाचा आधी तोडायचा, कुणाचा नंतर, हे ठरवतात कसं? ज्याची ओळख त्याचा आधी. बाकीच्यांचा फडात वाळून जातो. माझा मामा बेलापूरकडं वाट्यानं शेती करतो. दोन वर्षं त्याच्या उसाला तुरे आले तरी तोडणीची टोळी आली नाही. लागणीची तारीख, उसाची जात, कारखान्यापासूनचं अंतर, गाड्या किती, हे सगळं घालून यंत्रानं क्रम लावायचा. यंत्राला मामा नसतो, सर.”

स्टाफरूममध्ये हे सांगितल्यावर इंग्रजीचे प्राध्यापक म्हणाले, “चला, आता पुण्यात डॉक्टरकी मिळणार आणि नगरात रस!” मीही हसलो. पण विषय चांगला होता, आणि तो माझ्या नावाखाली होणार होता.

संशोधन म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. त्याला वाटतं एक दिवस काहीतरी सुचतं. याचे पहिले चौदा महिने नुसते आकडे भरण्यात गेले. बेलापूरकडच्या एका कारखान्यात जाऊन तो शेतकी खात्याच्या जाड वह्या हाताने उतरवून आणायचा आणि मग लॅबमध्ये बसून एकेक प्लॉट यंत्रात भरायचा. दिवसा विद्यार्थ्यांचे तास, म्हणून त्याला यंत्र मिळायचं सकाळी सात ते दहा. त्यात वीज गेली की त्या दिवसाचं काम गेलं. लागणारा शोधनिबंध पुण्याच्या ग्रंथालयात असायचा. एसटीने जायचं, झेरॉक्स आणायची, आणि घरी येऊन कळायचं की मधली दोन पानं पुसट आलीत. वर मी होतोच. माझे पेपर तो तपासायचा, माझ्या तासांना तो उभा राहायचा. पहिला निबंध तयार झाला तेव्हा मी माझं नाव आधी टाकलं. मार्गदर्शकाची सही असल्याशिवाय सहामाही अहवाल पुढे सरकत नसे, आणि सही माझ्या खिशातल्या पेनात होती.

चौथं वर्ष संपत आलं तेव्हा प्रोग्रॅम चालू लागला. त्याने मला एका हंगामाचा लागलेला क्रम दाखवला. कारखान्याने प्रत्यक्षात केलेल्या तोडीशी ताडून पाहिला, तर वाळून गेलेल्या उसाचा मोठा भाग वाचत होता. तो पडद्याकडे बघत म्हणाला, “मामाचा प्लॉट बघा सर, तिसऱ्या आठवड्यात.” त्या दिवशी तो पहिल्यांदा मोठ्याने हसला. नोंदणीची मुदत मार्चमध्ये संपत होती. दिवाळीनंतर लिहायला बसायचं आणि फेब्रुवारीत प्रबंध द्यायचा, असं ठरलं.

आता दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे.

पहिली म्हणजे माझा नियम. पुण्याहून आलेल्या एका फ्लॉपीतून लॅबमध्ये व्हायरस शिरला होता. तेव्हापासून एकही फ्लॉपी बाहेर जाणार नाही आणि बाहेरची आत येणार नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. त्याचं सगळं काम एका यंत्राच्या हार्ड डिस्कवर होतं आणि त्याची एकच प्रत चौदा फ्लॉप्यांवर, माझ्या ताब्यातल्या लोखंडी कपाटात. त्याने दोनदा विचारलं होतं, “सर, आणखी एक संच करून घरी ठेवू का?” मी दोनदा नाही म्हटलं. प्रिंटआउटही नेमकेच काढायचे, कारण कागद जपून वापरायचा हाही माझाच नियम.

दुसरी म्हणजे ती हार्ड डिस्क. ती जुनी झाली होती. दोन दिवस बंद राहिली की सुरू होताना कुरकुरायची. तो तिला कधी जास्त वेळ बंद ठेवत नसे. सुट्टीतही येऊन तासभर चालवून जायचा.

खंडेनवमीला आमच्याकडे लॅबची पूजा व्हायची. वर्कशॉपमध्ये लेथची होते, टेम्पोवाला टेम्पोची करतो, तशी आम्ही कॉम्प्युटरची करायचो. त्या दिवशी हत्यारं चालवायची नाहीत, दसरा उलटेपर्यंत त्यांना विश्रांती. दरवर्षी एका यंत्रासमोर नारळ ठेवायचो. त्या वर्षी दसऱ्याला लागून रविवार आला होता, म्हणजे लॅब तीन दिवस बंद राहणार होती. आणि मी ठरवलं की पूजा त्याच्याच यंत्राची करायची, कारण विभागातलं पहिलं संशोधन त्यावर झालं होतं.

खंडेनवमीच्या सकाळी तो आला तेव्हा लॅबचे शिपाई झेंडूची माळ ओवत बसले होते. वयाने माझ्याएवढेच, केडगावचे, शब्द मोजून बोलणारे. मी पाट मांडत होतो. चौदा फ्लॉप्यांचा डबा कपाटातून काढून टेबलावर ठेवला होता.

त्याने डब्याकडे पाहिलं. “सर, ह्या कशाला काढल्या?”

“पाटावर ठेवायला. विद्या आहे ती. वहीपुस्तकाची पूजा करतोच ना आपण?”

“नका ठेवू, सर. कुंकवाची धूळ लई बारीक असते. आत गेली तर फ्लॉपी वाचणाऱ्या हेडला लागेल.” मग यंत्राकडे हात करून, “आणि यंत्र तीन दिवस बंद ठेवू नका. मी रोज येऊन तासभर चालवतो. कुलूप मीच लावीन.”

“दसरा होईपर्यंत चालवायचं नसतं.”

“त्या डिस्कला दसरा कळत नाही, सर.”

शिपाई गालात हसले. ते हसले नसते तर कदाचित मी पुढचं बोललो नसतो. कदाचित, म्हणतो. मी म्हणालो, “तुम्हा लोकांना पूजेचं वावडं आहे म्हणून आम्ही रीत सोडायची का?”

शिपायांचा माळ ओवणारा हात थांबला. त्याने मान खाली घातली नाही, माझ्याकडे सरळ पाहिलं आणि म्हणाला, “तसं न्हाई, सर. पूजा करा. फ्लॉप्या तेवढ्या कपाटात ठेवा.” बाहेर जाऊन त्याने चपला घातल्या. दारातून परत म्हणाला, “सोमवारी गावाहून येतो. अकराच्या गाडीनं.”

तो गेल्यावर मी फ्लॉप्या कपाटात ठेवू शकलो असतो. दुसरं कुणी पाहत नव्हतं. पण शिपाई पाहत होते, त्यांच्यापुढे माघार घ्यायची नाही, तेवढंच कारण पुरलं मला.

आजच्या मुलांना ती मोठी, वाकणारी फ्लॉपी माहीत नसेल. काळ्या चौकोनी आवरणाला एक लांबट खिडकी असते आणि तिच्यातून आतली तपकिरी चकती उघडी दिसते. त्या चकतीला बोट लावायचं नाही, हे मी पहिल्या तासाला शिकवायचो. खिडकी झाकायला कागदी पाकीट असतं. ती पाकिटं रोजच्या वापराने फाटली होती. फाटकं काय ठेवायचं देवापुढे, म्हणून मी पाकिटं काढली आणि चौदाच्या चौदा फ्लॉप्या पाटावर पानांसारख्या पसरून मांडल्या. प्रत्येकीच्या लेबलावर हळद वाहिली, कुंकू वाहिलं. खिडकीवर नाही, लेबलावरच. एवढी अक्कल मला होती. पण कुंकू कोरडं होतं, चिमटीतून सांडत होतं, आणि वरून एसीचा वारा सुटला होता. उदबत्तीचा धूर सरळ वर न जाता पाटावर पसरत होता, ते मी पाहिलं होतं. मी आरती म्हणत राहिलो.

सोमवारी मी नवाच्या आधी लॅबमध्ये गेलो. का गेलो ते मला ठाऊक आहे. त्याने येऊन बघण्याआधी मला बघायचं होतं. शिपायांनी माळ काढली. मी बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला आणि डिस्कमधून टक् असा आवाज आला. मग पुन्हा टक्. मग काहीच नाही. पाच-सहा वेळा बंद-चालू केलं. दर वेळी तेच.

फ्लॉप्या होत्या. मी शेजारच्या यंत्रावर बसलो आणि पहिली घातली. खर्रर्र आवाज आला, दळण सुरू व्हावं तसा. वाचता येत नाही, असा संदेश पडद्यावर आला. दुसरी घातली. तेच. तिसरीलाही तोच आवाज; ती बाहेर काढून उजेडात धरली, तेव्हा तपकिरी चकतीवर एक बारीक गोल ओरखडा होता आणि त्याच्या कडेला लाल कण.

तिथे मी थांबायला हवं होतं. मला कळलं होतं. पहिल्या फ्लॉपीवरचं कुंकू ड्राइव्हच्या हेडला चिकटलं होतं, आणि आता तो हेड आत येणाऱ्या प्रत्येक फ्लॉपीला खरवडत होता. हेड साफ केला असता तर उरलेल्या अकरांतल्या निम्म्या तरी वाचल्या असत्या. शिपाई मागे उभे होते. म्हणाले, “साहेब, ऱ्हाऊ द्या. त्याला यू द्या. त्यो बगंल.”

“बघतोय ना मी?” मी म्हणालो. एखादी तरी चालेल, म्हणजे त्याला सांगायला काहीतरी राहील, या घाईत मी चौथी घातली. मग पाचवी. चौदावी घातली तेव्हा तो आवाज माझ्या दातांत बसला होता. अजून कुणी जमिनीवर लोखंडी खुर्ची ओढली की मी उठून दुसऱ्या खोलीत जातो.

मग मी खिशातला रुमाल काढला आणि एकेक फ्लॉपी पुसली. लेबलांवरचं हळदकुंकू पुसलं. फाटकी पाकिटं पुन्हा चढवली. डबा कपाटात ठेवला. ड्राइव्हचं तोंड पुसलं. शिपाई हे सगळं बघत होते. शेवटी एवढंच म्हणाले, “आपन सांगून टाकू, साहेब. पोरगं समजून घील.”

“तुम्ही पाट घेऊन जा,” मी म्हणालो.

तो अकराच्या गाडीने आला. पिशवीत आईने दिलेल्या भुईमुगाच्या शेंगा होत्या, त्या माझ्या टेबलावर ठेवल्या. मी म्हणालो, “तुझी डिस्क उठत नाही.” त्याचा चेहरा उतरला, पण तो घाबरला नाही. “फ्लॉप्या आहेत, सर,” म्हणाला. कपाटाची किल्ली मी दिली. तो बसला आणि त्याने पहिली घातली. तो आवाज मी पुन्हा ऐकला, आणि नवा ऐकतोय असा चेहरा केला.

त्याने पहिलीवरच थांबून फ्लॉपी काढली आणि ट्यूबलाइटखाली धरली. मग वळून विचारलं, “पूजेत ठेवल्या होत्या का, सर?”

“नाही,” मी म्हणालो. “तू सांगितल्यावर कपाटातच ठेवल्या.”

त्याने शिपायांकडे पाहिलं. शिपाई पायपुसण्याकडे बघत होते. तो पुन्हा फ्लॉपीकडे वळला. मग हळूच म्हणाला, “म्हणजे मागच्या आठवड्यात मी प्रत केली तेव्हाच हेड खराब असणार. मी साफ करायला हवं हुतं. तपासून बघितलंच न्हाई मी.” एरवी माझ्यापुढे जपून बोलणारा पोरगा, त्या क्षणी त्याची घरची बोली पुरती वर आली.

मी म्हणालो, “हं.”

मला पुढे कितीदा वाटलं, मी ‘हं’ म्हणालो नसतो तर? पण मी म्हणालो.

काम सगळं बुडालं नव्हतं. उतरवलेल्या वह्या त्याच्याकडे होत्या, प्रोग्रॅमचे थोडे प्रिंट होते. दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली असती तर त्याने सगळं पुन्हा उभं केलं असतं. मुदतवाढीच्या अर्जात एक रकाना होता: विलंबाचे कारण, मार्गदर्शकाच्या अभिप्रायासह. अर्ज आठ दिवस माझ्या टेबलावर पडून होता. खरं लिहिलं असतं तर काय झालं असतं? मला कुणी नोकरीवरून काढणार नव्हतं. पण पुण्यात हसले असते. कॉम्प्युटरचा विभागप्रमुख फ्लॉप्यांना कुंकू लावतो, हा विनोद दहा वर्षं चालला असता. मला विद्यापीठाच्या मंडळावर घेण्याचं बोलणं तेव्हा चालू होतं. त्या हसण्याला मी भ्यालो. एवढ्याशा गोष्टीला.

मी लिहिलं: ‘संशोधक विद्यार्थ्याने माहितीच्या प्रतींचे जतन योग्य रीतीने केले नाही.’ खाली सही केली.

अर्ज नामंजूर झाला. आम्ही दोघं पुण्याला विद्यापीठाच्या समितीपुढे गेलो होतो. त्यातल्या एका सदस्यांनी त्याला विचारलं, “बॅकअप घेणं ही प्राथमिक गोष्ट आहे, माहीत नव्हतं?” तो म्हणाला, “चूक झाली, सर.” मी शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. परतीच्या गाडीत त्याने मला खिडकीची जागा दिली. शिरूर सोडल्यावर म्हणाला, “सर, माझ्यामुळं तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं.”

त्या वर्षअखेरीस तो गावी गेला. मला मंडळावर घेतलं. शिपाई निवृत्त होईपर्यंत माझ्याशी कामापुरतं बोलले. चहा मात्र कधी आणून ठेवला नाही. दर खंडेनवमीला मी काहीतरी कारण काढून लॅबकडे फिरकलो नाही.

दोन-अडीच वर्षांनी मीही निवृत्त झालो. घरी बसल्यावर दुपारी तो आवाज यायला लागला. शेवटी एक दिवस मी कर्जतची एसटी पकडली आणि मिरजगावला उतरलो. काय बोलायचं ते गाडीत बसल्याबसल्या जुळवलं होतं. थोडकीच वाक्यं होती. नगरपासून मिरजगावपर्यंत ती किती वेळा म्हटली असतील.

घर विचारत गेलो. दारात त्याची आई शेंगा फोडत बसली होती. मी ओळख सांगितली तशी ती पदर सावरत उठली.

“अगं बया, तुमी त्येचे सर व्हय? बसा, बसा. लई नाव काडतो तुमचं. म्हनतो, माज्या हातनं येवढी चूक झाली पर सर कदी एक शब्द बोल्ले न्हाईत.”

मी खाटेवर बसलो. पाणी प्यायलो. तो शाळेतून आला. जवळच्याच हायस्कुलात गणित शिकवत होता. केस कानाजवळ पांढरे झाले होते, एवढ्यातच. मला बघून सायकल तशीच भिंतीला टेकवली. “सर! कळवायचं तरी. स्टँडवर आलो असतो.”

चहा झाला. मी विचारलं, “आता काय चालू आहे?”

“शिकवतो. बरं चाललंय.”

“कॉम्प्युटर?”

तो उगाच हसला. आईच उत्तरली, “शाळंत नवं मशीन आलंय. हेडमास्तर म्हनले, तूच बग. हा न्हाईच म्हनला. हात लावीना त्येला.”

“आई,” तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, “दुसऱ्याची वस्तू असते, सर. लोकांची माहिती असते. माझ्या हाताचा मला भरवसा न्हाई राहिला.”

त्याचे हात गुडघ्यांवर होते. खडूने पांढरे झालेले. कारखान्याच्या वह्या उतरवणारे, चौदा महिने आकडे भरणारे, एकही चूक न करणारे ते हात.

वाक्यं माझ्या जिभेवर होती. तेवढ्यात तो म्हणाला, “तुम्ही आलात, बरं वाटलं सर. मला वाटायचं तुम्ही मनात राग धरला असेल.”

मी म्हणालो, “नाही रे. राग कसला?”

तो मला स्टँडवर सोडायला आला. नगरची गाडी लागली होती. त्याने आत चढून माझ्यासाठी रुमाल टाकून जागा धरली आणि खाली उतरला. खिडकीतून मी म्हणालो, “तब्येतीला जप.” गाडी हलली. त्यानंतर मी तिकडे कधी गेलो नाही.

महाविद्यालयाला मी पत्र लिहिलं आहे, की विशेषांकातलं ते वाक्य चूक आहे आणि हा मजकूर छापावा. छापतील की नाही, माहीत नाही. तो वाचेल की नाही, हेही माहीत नाही. एसटीत बसून जुळवलेली आणि मिरजगावच्या त्या खाटेवर माझ्या तोंडातून न निघालेली वाक्यं ही होती:

तुझ्या फ्लॉप्या पाटावर मी ठेवल्या होत्या. तू नको म्हणाला होतास तरी ठेवल्या, आणि तुला जे बोललो ते बोलायला नको होतं. पहिली खराब झालेली कळल्यावरही बाकीच्या मीच घातल्या, कुंकू मीच पुसलं, आणि समितीपुढे गप्प मीच बसलो. तुझ्या हातून काहीही चुकलं नव्हतं. तुझे हात चांगले आहेत. मला माफ कर.